उतारशाळेतली सेवा

अभ्यासासाठी वाचा : लूक १०:२५-३७

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. उपदेशात याजक येतो, लेवी येतो, शोमरोनी तर येतोच. उतारशाळेचा मालक मात्र एका वाक्यात आटोपतो. शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेला. रात्री उठून पाणी द्यायला मागे राहिला तो हा मालक. जखमी माणूस किती दिवस राहणार, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आजारी मुलांच्या आईवडिलांसाठी चालवलेल्या निवासांत सेवा करणाऱ्यांचे काम समजून घ्यायचे असेल, तर या मालकाकडे पाहावे.

अशा घरांपैकी एक प्रसिद्ध घर अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९७४ साली सुरू झाले. फ्रेड हिल या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. दुरून आलेले पालक रुग्णालयातल्या खुर्च्यांवर झोपतात, हे त्यांनी तिथे पाहिले. मुलांच्या कर्करोगाच्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांच्या मनात जवळच एक घर असावे असे होतेच. दोघांच्या धडपडीतून पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस उभे राहिले. आपल्याकडे मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे आणि त्याच्या आसपासच्या पदपथांवर बिऱ्हाड मांडलेली कुटुंबे पुष्कळांनी पाहिली असतील. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना व त्यांच्या पालकांना विनामूल्य ठेवून घेते. तिथे आई आपल्या मुलाचा स्वयंपाक स्वतः करते. ही गोष्ट लहान वाटेल. पण सगळे काही डॉक्टरांच्या हातात गेलेले असताना, भाकरी तरी आपल्या हातची, एवढाच त्या माउलीला आधार असतो.

निवासाची खरी गरज कुठे आहे? मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिना-दीड महिन्यातच बहुतेक मुलांच्या रक्तातला आजार दिसेनासा होतो. मूल हसू लागते, जेवू लागते, आणि बापाला वाटते, झाले बरे. धडगावच्या डोंगरातून आलेल्या माणसाच्या मागे काय काय असते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. पेरणी तोंडावर आलेली, धाकटी पोरे आजीकडे, म्हाताऱ्या बैलाची काळजी, ऊसतोडीची उचल घेतलेली. तो गाठोडे बांधतो. औषध थांबले की लपून राहिलेला आजार परत येतो आणि दुसऱ्यांदा तो सहसा अधिक चिवट असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, अनेक गरीब देशांत मात्र ३० टक्क्यांहूनही कमी. अर्धवट सुटलेला उपचार हे त्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

म्हणून सेवकाने जास्त सावध राहायचे ते मूल अत्यवस्थ असताना नव्हे, ते बरे दिसू लागल्यावर. अत्यवस्थ मुलाभोवती माणसे जमतातच.

या सेवेला प्रेम लागते, पण नुसते प्रेम पुरत नाही. एका निवासात सेवेला गेलो असताना, पहिल्याच आठवड्यात, मी मुलांसाठी नाक्यावरून कापलेले कलिंगड घेऊन गेलो. तिथल्या सिस्टरने ती पिशवी माझ्या हातातून शांतपणे काढून घेतली. औषधांनी या मुलांची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते. उघड्यावरचे कापलेले फळ, शिळे अन्न, न उकळलेले पाणी त्यांच्या जिवावर बेतू शकते. सर्दी झालेल्या सेवकाने त्या दिवशी घरीच राहावे. अंगात ताप चढला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. टॅक्सीला हात करणे ही देखील सेवाच आहे.

बाकीचे काम दिसायला कोरडे आहे. रेशन कार्ड व आधार कार्डावरची नावे जुळतात का पाहणे, जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभे राहणे, रेल्वे भाड्यातल्या सवलतीसाठी डॉक्टरांचा दाखला घेणे. आणि ऐकणे. ‘सगळे ठीक होईल’ असे म्हणू नये. ते आपल्याला ठाऊक नसते, आणि तसे झाले नाही तर ती आई पुन्हा आपल्याशी मनातले बोलणार नाही. प्रार्थना करायची तर आधी विचारावे. नको म्हटले तर चहा करून द्यावा. आसऱ्याच्या बदल्यात कोणाच्या श्रद्धेचा हिशेब मागू नये. शोमरोन्याने जखमी माणसाला असे काही विचारल्याचे दाखल्यात नाही.

आपल्या मंडळ्यांनी विशेष विचार करावा असे एक काम आहे, भाषेचे. डॉक्टर मराठी किंवा हिंदी बोलतात. पावरी, भिली किंवा कोरकू बोलणारी आई मान हलवते आणि बाहेर येऊन विचारते, काय म्हणाले? ‘रक्तात आजार दिसत नाही’ आणि ‘आजार गेला’ यांतला फरक तिला तिच्याच भाषेत सांगणारा कोणी हवा. आपल्या वसतिगृहांत शिकून पुढे गेलेली मुले-मुली दोन्ही भाषा जाणतात. सगळ्यांना मुंबईला जाणे जमणार नाही, पण कामाच्या वेळेनंतर फोन उचलणे जमेल. शब्दांचा अर्थ मात्र आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा, अंदाजाने सांगू नये.

आणि गावात राहिलेल्यांसाठीही काम आहे. बाप मुंबईत तग धरतो की नाही, हे त्याच्या शेतावर ठरते. इर्जिक आपल्या गावांना नवी नाही. येत्या पावसाळ्यात अशा एखाद्या घराची पेरणी आणि निंदणी मंडळीने अंगावर घेतली, तर त्याला जुलै महिन्यात गाडी पकडावी लागणार नाही. कोणाच्या गावातून मूल उपचाराला गेले आहे, त्यांच्या शेताला कोण लागेल, बैल कोण सांभाळेल, हे पुढच्या रविवारी उपासनेनंतर बसून ठरवावे.