सात जाईल कुठं?

रविवारची पुरवणी हातात आली की सुडोकूचं पान तू झटकन उलटतेस, बघते ना मी! "ताई, माझं गणित कच्चं आहे." अगं, पण इथं गणित आहेच कुठं? बेरीज नाही, वजाबाकी नाही. आकड्यांच्या जागी नऊ फळांची चित्रं काढलीस तरी कोडं तेच राहील. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत एक ते नऊ एकेकदाच, झाला नियम.

८१ घरं एकदम बघितली की छाती दडपते, कबूल. म्हणून सगळीकडे बघूच नकोस. एकच आकडा धर. समज, सात. वरच्या तीन चौकटी बघ. डावीकडच्या चौकटीत सात पहिल्या ओळीत आहे, मधलीत दुसऱ्या ओळीत. मग उजवीकडचा सात तिसऱ्या ओळीतच येणार, जाईल कुठं? तिथल्या तीन घरांपैकी एकात आधीच चार छापलाय, म्हणजे उरली दोन. आता त्या दोन घरांवरून नजर सरळ खाली सोड. एकाच्या उभ्या ओळीत सात दिसला की दुसरं घर पक्कं. असे नऊही आकडे फिरव. सोपं कोडं बहुतेक एवढ्यावरच सुटतं.

खरं सांगू का, मी सुरुवातीला पेनानं सोडवायचे. काय ती ऐट! आणि शेवटच्या ओळीत दोन पाच आले की छापणाऱ्याला नावं ठेवायचे. तू मुकाट्यानं पेन्सिल घे. आणि "इथं बहुतेक तीन असेल" असं वाटलं की हात आखड. एक चुकीचा आकडा पुढचे दहा नासवतो, आणि घोळ नेमका कुठं झाला ते मागाहून सापडत नाही. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं गं, अंदाज करायची वेळच येत नाही.

प्रत्येक घरात बारीक आकडे भरत बसू नकोस, डोळे फिरतील. ज्या आकड्याला चौकटीत दोनच जागा उरल्यात, तेवढाच कोपऱ्यात लिही. आता गंमत बघ. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त तीन किंवा आठच बसू शकतात, असं दिसलं. कुठला कुठं ते कळलं नाही तरी चालेल! ती दोन घरं त्या दोघांची झाली. ओळीतल्या बाकीच्या घरांतून तीन आणि आठ बिनधास्त बाद कर.

आकडे कमी छापलेत म्हणून घाबरू नकोस. १७ पेक्षा कमी आकडे देऊन एकच उत्तर असलेलं कोडं होऊच शकत नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणक राबवून दाखवलं. पुरवणीवाले त्याहून पुष्कळ देतात.

आणि सासूबाई "रिकामपणचे उद्योग" म्हणाल्या तर रागावू नकोस, त्यात तथ्य आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत हे कोडं छापून आलं ते हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टचं. जपाननं त्याला सुडोकू नाव दिलं, आणि २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ते पोचवलं वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशानं.

अडलीस तर ऊठ, कुकर लाव, परत ये. नुसतं टक लावून काही दिसत नाही, बघ. आज सगळ्यात जास्त वेळा छापलेला आकडा शोध आणि तिथून सुरू कर. उत्तराचं पान मात्र आधी माझ्याकडे दे.