घटक ५ : स्लोव्हेनियन भाषेतील एकवचनी स्वामित्वदर्शक सर्वनामे

विद्यार्थी मित्रांनो, या घटकात तुम्हाला एका दूरच्या भाषेतील चार-पाच शब्दांचा परिचय करून घ्यायचा आहे. स्लोव्हेनियन ही मध्य युरोपातील स्लोव्हेनिया या देशाची भाषा. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यामध्ये वसलेल्या या देशाची लोकसंख्या जेमतेम वीस लाखांच्या घरात आहे. ल्युब्ल्याना ही त्याची राजधानी. १९९१ साली हा देश स्वतंत्र झाला आणि २००४ पासून त्याची भाषा युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. तिचे पहिले व्याकरण आदाम बोहोरिच यांनी १५८४ मध्ये लॅटिनमधून प्रसिद्ध केले.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात ही भाषा कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ‘माझा, माझी, माझे’ ही रूपे आपण लहानपणापासून इतक्या सहजतेने वापरतो की त्यांमागे काही व्यवस्था आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही. तीच व्यवस्था परक्या भाषेत भेटली की ती दिसू लागते. स्लोव्हेनियन त्या दृष्टीने फार सोयीची आहे. मराठी भाषकाला ती इंग्रजीपेक्षा, आणि काही बाबतींत हिंदीपेक्षाही, जवळची वाटेल.

५.१ उच्चाराविषयी थोडेसे

ही भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. येथे आपण तिची उदाहरणे देवनागरीत उच्चारानुसार देत आहोत. शब्दाच्या अखेरचा ‘अ’ मराठीप्रमाणेच उच्चारायचा नाही : ‘मोय’ हा शब्द ‘सोय’सारखा. शब्दान्तीचा ‘व’ मात्र ‘उ’कडे झुकतो, म्हणून ‘न्येगोव’ हे ऐकताना ‘न्येगोउ’ असे वाटेल. एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. या भाषेत ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चमचा’मधला दंत्य च हे दोन वेगळे वर्ण आहेत आणि त्यांसाठी दोन वेगळी अक्षरे आहेत. मराठी माणसाला हा भेद शिकावा लागत नाही. आपण मात्र दोन्हींसाठी एकच अक्षर वापरतो.

५.२ मोय, मोया, मोये

आता मूळ विषयाकडे वळू. पुढील तीन वाक्ये मोठ्याने वाचा.

तो ये मोय ब्रात. (हा माझा भाऊ आहे.)
तो ये मोया सेस्त्रा. (ही माझी बहीण आहे.)
तो ये मोये मेस्तो. (हे माझे शहर आहे.)

‘ये’ म्हणजे ‘आहे’. वाक्यारंभीचा ‘तो’ हा मराठीतला ‘तो’ नव्हे. ओळख करून देताना तो तिन्ही लिंगांत जसाच्या तसा राहतो. बदलते ते सर्वनाम. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, याचा त्याच्याशी संबंध नाही. ज्याच्यावर वा जिच्यावर आपण हक्क सांगतो त्या नामाचे लिंग ते घेते. अगदी ‘माझा, माझी, माझे’ यांप्रमाणेच. याच धर्तीवर ‘तुझा’साठी त्वोय, त्वोया, त्वोये ही रूपे येतात. ब्रात, सेस्त्रा, माती (आई) हे शब्द ऐकताना संस्कृतातील भ्रातृ, स्वसृ, मातृ यांची आठवण झाली असेल तर ती योग्यच आहे. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील आहेत. ‘मामा’ या शब्दाने मात्र फसू नका. स्लोव्हेनियनमध्ये ‘मोया मामा’ म्हणजे ‘माझी आई’.

नामाचे लिंग ओळखणे बहुधा सोपे असते. व्यंजनान्त नाम पुल्लिंगी, ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी, ‘ओ’ किंवा ‘ए’ने संपणारे नपुंसकलिंगी. अपवाद आहेतच : ‘ओचे’ म्हणजे वडील, आणि ते रूपाने नपुंसकलिंगी दिसले तरी ‘मोय ओचे’ असेच म्हणावे लागते. ‘माती’ इकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे. खरी अडचण वेगळीच आहे. मराठीतले लिंग नकळत सोबत नेले जाते. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचे ‘क्न्यीगा’ स्त्रीलिंगी. आपले घर नपुंसकलिंगी, त्यांचे ‘हिशा’ स्त्रीलिंगी. आपली किल्ली स्त्रीलिंगी, त्यांची ‘क्ल्युच’ पुल्लिंगी. आपली खिडकी स्त्रीलिंगी, त्यांची ‘ओक्नो’ नपुंसकलिंगी. म्हणून ‘मोये क्न्यीगा’ ही चूक मराठी भाषकाकडून हटकून होते. नाम पाठ करताना ते एकटे पाठ करू नका; ‘मोया क्न्यीगा’, ‘मोय क्ल्युच’, ‘मोये ओक्नो’ अशी जोडीच पाठ करा.

५.३ त्याचा आणि तिचा

तृतीय पुरुषात या भाषेचे मराठीशी असलेले साम्य विशेष उठून दिसते.

न्येगोव ब्रात – त्याचा भाऊ
न्येगोवा सेस्त्रा – त्याची बहीण
न्येन ब्रात – तिचा भाऊ
न्येना सेस्त्रा – तिची बहीण

येथे दोन लिंगे एकाच शब्दात नांदतात. शब्दाचा पूर्वार्ध स्वामी कोण ते सांगतो (न्येगोव- : तो, न्येन- : ती), तर शेवटचा प्रत्यय वस्तूचे लिंग सांगतो. ‘त्याची’ या शब्दात ‘त्या-’ पुरुषाचा आणि ‘-ची’ बहिणीचा, हे तुम्ही कधी वेगळे करून पाहिले आहे का? हिंदीतील ‘उसका भाई, उसकी बहन’ यांत वस्तूचे लिंग कळते, पण मालक पुरुष की स्त्री ते कळत नाही. संस्कृतातील ‘तस्य भ्राता, तस्य भगिनी’ आणि इंग्रजीतील संबंधित रूपे यांत नेमके उलट : मालकाचे लिंग कळते, वस्तूचे नाही. मराठी आणि स्लोव्हेनियन दोन्ही सांगतात.

नपुंसकलिंगी रूपे ‘न्येगोवो’ आणि ‘न्येनो’ अशी होतात; ‘मोये’मध्ये ‘ए’ आणि येथे ‘ओ’ का? ‘य’ या तालव्य वर्णानंतर ‘ओ’ऐवजी ‘ए’ येतो, इतकेच. घडणीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘यानेझ’ या नावापासून ‘यानेझोव’ म्हणजे ‘यानेझचा’ हे रूप होते. ‘न्येगोव’ त्याच साच्यातले आहे. मराठीतही ‘रामाचा’ आणि ‘त्याचा’ एका साच्यातले, परंतु ‘माझा’, ‘तुझा’ निराळ्या घडणीचे, प्राकृतातील ‘मज्झ’, ‘तुज्झ’ यांच्यापासून आलेले. दोन्ही भाषांत प्रथम-द्वितीय पुरुष एका बाजूला आणि तृतीय पुरुष नामांच्या पंगतीत, अशी ही विभागणी आहे.

‘कोणाचा?’ या प्रश्नासाठी चिगाव, चिगावा, चिगावो. ‘चिगावा ये क्न्यीगा?’ याचे उत्तर नुसते ‘मोया’ असे देता येते.

५.४ स्वोय : वस्तू नेमकी कोणाची?

पुढील मराठी वाक्य पाहा : ‘रमेश त्याची किल्ली शोधत आहे.’ किल्ली रमेशची की दुसऱ्या कोणाची? संदर्भावाचून सांगता येणार नाही. रोजच्या बोलण्यात यावाचून फारसे अडत नाही. परंतु हेच वाक्य एखाद्या जबानीत किंवा खरेदीखतात आले, तर त्या एका ‘त्याची’वर वाद उभा राहू शकतो. स्लोव्हेनियन भाषा येथे संदिग्धतेला जागाच ठेवत नाही.

यानेझ इश्चे स्वोय क्ल्युच. (यानेझ स्वतःची किल्ली शोधतो.)
यानेझ इश्चे न्येगोव क्ल्युच. (यानेझ दुसऱ्या कोणा पुरुषाची किल्ली शोधतो.)

वाक्याचा कर्ताच वस्तूचा स्वामी असेल तर ‘स्वोय’ वापरायचे. संस्कृतातील ‘स्व’ याचाच हा सोयरा आहे. ‘आना बेरे स्वोयो क्न्यीगो’ म्हणजे आना स्वतःचे पुस्तक वाचते. ‘आना बेरे न्येनो क्न्यीगो’ म्हटले तर पुस्तक दुसऱ्या एखाद्या स्त्रीचे ठरते. मराठीत ‘आपला’ हे काम करू शकतो (‘रमेश आपली किल्ली शोधत आहे’), पण त्याच्यावर ओझी फार : ‘तुमचे-आमचे’ या अर्थाचा ‘आपला’, आदरार्थी ‘आपला’ आणि हा आत्मवाचक ‘आपला’. त्यामुळे लेखनात नेमकेपणा हवा असेल तेव्हा ‘स्वतःचा’ वापरणे बरे, असे माझे मत आहे.

‘स्वोय’ तिन्ही पुरुषांत चालतो. ‘मी माझे पुस्तक शोधतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे; प्रमाण स्लोव्हेनियनमध्ये मात्र ‘इश्चेम स्वोयो क्न्यीगो’ असे म्हणायचे. बोलताना ‘मोयो’ ऐकू येतो, पण लेखनात तो दोष मानतात. उलटपक्षी, ‘स्वोय’ कर्त्याच्याच जागी येऊ शकत नाही. ‘यानेझ आणि त्याची बहीण घरी आहेत’ हे वाक्य ‘यानेझ इन न्येगोवा सेस्त्रा स्ता दोमा’ असे होते. ‘राम आणि आपली बहीण घरी आहेत’ हे मराठीतही कानाला खटकते. हा नियम कोणी शिकवलेला नसताना तुम्ही पाळत आला आहात.

५.५ विभक्ती आणि वचन

मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना ‘माझा, माझी, माझे’ या तिन्हींचे एकच सामान्यरूप होते : माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या शहरात. स्लोव्हेनियनमध्ये ही सवलत नाही. सर्वनाम नामाबरोबर सहाही विभक्तींत चालते : मोयेमु ब्रातु (माझ्या भावाला), मोयी सेस्त्री (माझ्या बहिणीला), व मोयेम मेस्तु (माझ्या शहरात). नवशिक्याने प्रथम केवळ कर्माची रूपे पक्की करावीत. स्त्रीलिंगात ‘आ’चा ‘ओ’ होतो (मोया – मोयो), नपुंसकलिंगात बदल होत नाही. पुल्लिंगात सजीव-निर्जीव भेद आहे : ‘इश्चे स्वोय क्ल्युच’, पण ‘इश्चे स्वोयेगा ब्राता’. आपणही किल्ली शोधतो आणि भावाला शोधतो. फरक इतकाच की मराठीत हा ‘ला’ स्त्रीलिंगालाही लागतो, त्यांच्याकडे हा भेद पुल्लिंगी एकवचनापुरताच आहे.

स्वामी एक असला तरी वस्तू अनेक असू शकतात, आणि येथे या भाषेने एक जुना ठेवा जपला आहे : द्विवचन. संस्कृतात ते होते, प्राकृतात लोपले, म्हणून मराठीला मिळाले नाही. मोय ब्रात (एक भाऊ), मोया ब्राता (दोन भाऊ), मोयी ब्रात्ये (दोनांहून अधिक). ‘मोया’ हे रूप त्यामुळे बहिणीचेही आहे, दोन भावांचेही आहे आणि ‘मोया मेस्ता’ (माझी शहरे) येथे नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही आहे. गोंधळून जाऊ नका. ‘माझी बहीण’ आणि ‘माझी शहरे’ यांत मराठीही हेच करते.

५.६ आदर

‘त्वोय’ हा ‘तुझा’ आहे, हे विसरू नये. वडीलधाऱ्या किंवा अपरिचित व्यक्तीशी बोलताना ती एकटी असली तरी अनेकवचनी ‘वाश’ (तुमचा) वापरतात. आपल्याकडे जशी ‘आई म्हणाल्या’ अशी रचना सासरी ऐकू येते, तशी आईवडिलांविषयी बोलताना अनेकवचन वापरण्याची पद्धत जुन्या स्लोव्हेनियनमध्येही होती.

स्वयंअध्ययनासाठी

स्लोव्हेनियनमध्ये लिहा : (१) हे माझे पुस्तक आहे. (२) हा तिचा भाऊ आहे. (३) मार्को स्वतःचे पुस्तक वाचतो. (४) मार्को तिचे पुस्तक वाचतो. (५) आना स्वतःच्या भावाला शोधते. उत्तरे न पाहता प्रथम प्रत्येक नामाचे लिंग समासात लिहून ठेवा.

उत्तरे : (१) तो ये मोया क्न्यीगा. (२) तो ये न्येन ब्रात. (३) मार्को बेरे स्वोयो क्न्यीगो. (४) मार्को बेरे न्येनो क्न्यीगो. (५) आना इश्चे स्वोयेगा ब्राता. पहिल्या वाक्यात ‘मोये’ लिहिले असेल, तर ५.२ मधील शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.