सोल्डरिंग स्टेशन: निवडीपासून पहिल्या जोडापर्यंत

घरच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात २५ वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने होते. माझीही तशीच झाली. थेट २३० व्होल्टवर चालणारं, तापमान ठरवायची सोय नसलेलं हे आयर्न एलईडी, रेझिस्टर, बारीक वायर यांना पुरतं. अडतं ते ग्राउंडच्या पिनेपाशी. तिच्याभोवती बोर्डावर तांब्याचा मोठा थर पसरलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो, बिट थंडावतं आणि सोल्डर पसरायच्या ऐवजी गोळा होऊन बसतं. मग आपण आयर्न आणखी दहा सेकंद दाबून धरतो आणि तेवढ्यात पॅड उचकटून येतो. हे वारंवार व्हायला लागलं की स्टेशन घ्यायची वेळ आली असं समजा.

साहित्य: स्टेशन, दोन बिटं, ६३/३७ सोल्डर वायर, राळेचा फ्लक्स, पितळी तारांचा चोथा, मल्टीमीटर आणि सरावासाठी एखादा भंगार बोर्ड.

आधी निवड. दुकानात पहिली नजर वॅटच्या आकड्यावर जाते. ती तिथून काढून बिटावर न्या. जपानी कंपनी हाक्कोच्या जुन्या ९३६ स्टेशनच्या असंख्य नकला आजही मिळतात. त्यात सिरॅमिकचा हीटर वेगळा असतो आणि त्यावर पोकळ बिट टोपीसारखं चढवलेलं असतं. दोघांच्या मधे हवेची पातळ फट राहते. तापमान मोजणारा सेन्सर हीटरच्या आत असल्याने टोक किती थंडावलं ते स्टेशनला उशिरा कळतं. हाक्कोच्याच टी१२ प्रकारात हीटर, सेन्सर आणि टोक एकाच नळीत सीलबंद असतात. टोक थंडावलं की लगेच कळतं, लगेच जास्त वीज मिळते. बिटं महाग पडतात, कारण प्रत्येक बिटाबरोबर नवा हीटर येतो. स्पेनच्या जेबीसीची सी२४५ बिटं याहून चपळ, पण छंदाच्या कामाला टी१२ पुरून उरतं. मी तेच सुचवतो.

टी१२ घेताना पुरवठा किती व्होल्टचा आहे ते विचारा. या बिटाचा रोध साधारण ८ ओहम असतो. २४ व्होल्टवर त्याला सुमारे ७२ वॅट मिळतात, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडाप्टरवर ४५, तर १२ व्होल्टवर जेमतेम १८. खोक्यावर काहीही छापलेलं असो, अॅडाप्टर १२ व्होल्टचा असेल तर आपण जुन्या आयर्नहूनही मागे जातो.

शक्य असेल तर वस्तू हाताळून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर अशी दुकानं आहेत. जाताना भंगार बोर्ड खिशात टाका. स्टेशन ३५० अंशांवर लावायला सांगा आणि बोर्डाच्या तांब्याच्या मोठ्या भागावर बिट टेकवून वायर लावून पाहा. दोन-तीन सेकंदांत सोल्डर पसरलं तर स्टेशन घेण्याजोगं आहे.

खोक्यासोबत बहुधा सुईसारखं टोकदार बिट मिळतं. ते बाजूला ठेवा. सुईचं टोक पॅडला एका बिंदूत टेकतं, मग उष्णता जाणार कुठून? २.४ मिलिमीटर रुंदीचं, पटाशीसारखं सपाट डी२४ बिट घ्या. माझी निम्म्याहून अधिक कामं त्यावरच होतात. दुसरं घ्यायचं तर सुरीच्या आकाराचं के. त्याची धार ओळीतल्या अनेक पिनांवर एकदम फिरवता येते.

वायर ६३/३७ ची, ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीची घ्या. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं हे मिश्रण बरोबर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं. शिसं नसलेली वायर २१७ अंशांच्या पुढे वितळते, तिच्यावर हात नंतर बसवा. फ्लक्स राळेचाच मागा. नळाच्या जोडांसाठी मिळणारी आम्लयुक्त पेस्ट बोर्डावर चढली की तांबं खाते.

आता स्टेशन घरी आलं. प्लग लावू नका. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक प्लगच्या अर्थ पिनेला, म्हणजे तिघांतल्या लांब आणि जाड पिनेला लावा आणि दुसरं बिटाच्या टोकाला. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा जाता आकडा २ ओहमच्या आत यायला हवा. माझ्या पहिल्या स्टेशनात अर्थची वायर आत जोडलेलीच नव्हती. एकामागून एक मॉसफेट जात होते आणि मी दोष सर्किटमध्ये शोधत बसलो होतो. मीटर लावला त्या दिवशी उलगडा झाला. स्वस्त नकलांमध्ये अर्थची वायर पेटीला जोडलेली असते, पण पेटीवरच्या रंगाच्या थरामुळे संपर्कच होत नाही, असंही आढळतं. आकडा आला नाही तर स्टेशन परत करा, किंवा जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या. आतल्या पुरवठ्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भारित राहतो, म्हणून सवय नसेल तर पेटी उघडू नका. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या यूएसबी-सी आयर्नला अर्थ मिळतच नाही, त्याला अर्थची वायर वेगळी जोडावी लागते. घर जुनं असेल तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

यानंतर बिटाची कल्हई. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील पसरवतो, तेच काम इथे लहान प्रमाणात करायचं आहे. स्टेशन २५० अंशांवर लावा. वायर टोकावर टेकवून ठेवा आणि वितळायला लागताच टोकाचा सगळा चकचकीत भाग सोल्डरने झाका. आपल्याला नवसागर लागत नाही, वायरीतली राळ पुरते; नवसागराचे अवशेष बोर्ड गंजवतात. उशीर केला तर टोक कोरडंच तापतं, काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. जुन्या आयर्नचं तांब्याचं बिट आपण कानशीने घासत आलो. ही सवय आता सोडा. नव्या बिटात तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानस लागली की तो जातो, आणि उघड्या तांब्याला वितळलेलं सोल्डर पोखरत जातं.

पडद्यावरचा आकडा खरा आहे का? स्टेशन १७० वर आणा. दर अर्ध्या मिनिटाला ५ अंश वाढवा आणि ६३/३७ वायरीचं टोक बिटाला लावून पाहा. ती १८५ च्या आसपास वितळली तर ठीक. आकडा २०५ झाल्यावर वितळली तर स्टेशन वीसेक अंश जास्त दाखवतंय, मेनूमध्ये तेवढी दुरुस्ती करा.

पहिला जोड. ३३० अंश. बिटाची सपाट बाजू पॅड आणि पिन दोघांना एकदम टेकवा. एक सेकंद थांबा. वायर बिटावर लावू नका, समोरच्या बाजूने पिनेच्या मुळाशी लावा. सोल्डर पिनेभोवती उतरलं की आधी वायर काढा, मग बिट. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. ग्राउंडच्या पिनेने दाद दिली नाही तर तापमान लगेच वाढवू नका. बिटावर थोडं ताजं सोल्डर घ्या, फ्लक्स लावा, रुंद बिट घ्या. त्यानंतरही अडलं तर ३६०. चारशेच्या पुढे फ्लक्स काम करायच्या आत जळतो आणि बिटाचा मुलामा झपाट्याने झिजतो.

काम थांबवताना टोक पितळी चोथ्यात फिरवा, त्यावर सोल्डरचा जाड थेंब चढवा आणि मगच बंद करा. आपोआप झोपायची वेळ दहा मिनिटांवर ठेवा. काम खिडकीपाशी करा, छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा लावा. त्या धुरात राळेचे अंश असतात आणि त्यांनी दमा होऊ शकतो. शिशाची मात्र या तापमानाला वाफ होत नाही, ते पोटात जातं बोटांवरून. म्हणून टेबलावर खाणंपिणं नको, आणि उठल्यावर साबणाने हात धुऊन मगच चहाचा कप उचला.