स्वस्त यंत्र का हरले?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

किंमत उतरली की मागणी वाढते, हा नियम आपण अकरावीपासून घोकत आलो आहोत. त्याला ‘इतर परिस्थिती कायम असताना’ अशी एक अट असते. परीक्षेत तिला फार तर अर्धा गुण मिळतो. या अटीचे वजन किती, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन चित्रपट-डिस्कमधील स्पर्धा अभ्यासण्याजोगी आहे.

तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर एप्रिल २००६ मध्ये ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, तो सुमारे १,००० डॉलरला. चित्राच्या स्पष्टपणात डावे-उजवे करण्यासारखे फारसे नव्हते. मात्र एकाची डिस्क दुसऱ्यावर चालत नसे. नोव्हेंबर २००७ च्या आरंभी वॉलमार्टने तोशिबाचा एक प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटना विकला. लोकांनी तो भराभर उचललाही. आणि तरी १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने हा धंदा बंद करीत असल्याचे जाहीर केले!

याचे उत्तर ‘पूरक वस्तू’ या प्रकरणात आहे. नुसता प्लेअर घेऊन कोणी चित्रपट पाहू शकत नाही. आमच्या घरी कोणतेही यंत्र घेताना वडील आधी विचारतात, “याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो का?” त्यांनी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, पण गिऱ्हाईक कसा विचार करते ते त्यांना पक्के ठाऊक आहे. डिस्ने, फॉक्स आणि सोनी यांचे चित्रपट फक्त ब्लू-रेवर मिळत. युनिव्हर्सल आणि ऑगस्ट २००७ पासून पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे होते. वॉर्नर ब्रदर्स दोन्हीकडे होती. ४ जानेवारी २००८ रोजी तिने ब्लू-रेची बाजू घेतली. त्यानंतर तोशिबाने पुन्हा किमती कमी केल्या, पण माझ्या मते तेव्हा ती घट ‘माल संपवायचा आहे’ अशी दवंडीच ठरली असावी.

दुसरीकडे सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ब्लू-रे यंत्र प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच बसवून दिले. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. तीही तोटा सोसून. खेळासाठी यंत्र घेणाऱ्याच्या घरात ब्लू-रे प्लेअर आपोआप आला. त्याने त्याची वेगळी किंमत मोजलीच नाही.

आपल्याकडचे उदाहरण निराळे आहे. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने चोरट्या डिस्कच्या भावाशी टक्कर देण्यासाठी व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडीही चालत असे. त्यामुळे प्लेअर वाया जाण्याची धास्ती नव्हती, आणि गिऱ्हाइकापुढे प्रश्न उरला तो खरोखरीच सहा रुपयांचा.