बांधावरची फेरी आणि संगणकाचे दप्तर



लागणीची नोंद घ्यायला आमचा चिटबॉय आता वहीसोबत मोबाईलही आणतो आणि ‘बांधावरून एक फेरी मारू’ म्हणतो. पुष्कळ सभासद विचारतात, ‘सातबारा दिलाय, मग फेरी कशाला?’ प्रश्न रास्त आहे.

नुसत्या वहीचा दोष मी स्वतः अनुभवला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एकाच फडाची नोंद दोघा भावांच्या नावे दोन वह्यांत झाली. दोन्हींवर सही माझीच, पण ध्यानात आले नाही. टोळी दुसऱ्यांदा गेली तर शेतात नुसते पाचट! त्या घोळात शेजारच्या सभासदाचा आडसाली ऊस उभ्या उभ्या वाळला. त्याचे घटलेले वजन काही परत आले नाही. वहीत नाव सापडते, जागा सापडत नाही.

दप्तर कसले?

जागेसह नोंद ठेवणारे संगणकाचे एक नामांकित दप्तर म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल. त्याचे मूळ काम अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथे १९८६ साली सुरू झाले. २००१ साली कॅनडातून त्याला पोस्टजीआयएस ही नकाशाची जोड मिळाली. दोन्ही मुक्त आहेत, म्हणजे परवान्याची फी नाही आणि आतली रचना कोणालाही पाहता, सुधारता येते. मात्र जाणता माणूस, संगणक आणि रोजची नक्कल काढून ठेवणे, हा खर्च चुकत नाही.

यात एका प्लॉटला एक ओळ असते. सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख आणि एका रकान्यात बांधाचे बिंदू ओळीने. पहिला व शेवटचा बिंदू एकच, म्हणजे कुंपण बंद.

शोध कसा लागतो?

समजा २०,००० प्लॉट आहेत. कोणता कोणावर चढला हे पाहायला प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली, तर सुमारे २० कोटी जोड्या होतात. म्हणून दप्तराला सूची लावतात. प्रत्येक प्लॉटभोवती एक चौकोनी चौकट कल्पितात, जवळच्या चौकटी मोठ्या चौकटीत घालतात. आपण तालुका, गाव, शिवार असे शोधत जातो, तसेच हे. ज्यांच्या चौकटी भिडतात, तेवढ्यांचेच बांध ताडून पाहायचे. बांधापुरते थोडे चढले तर तो मोबाईलचा फरक समजावा. निम्मा फड चढला तर दुबार नोंदीची शंका घ्यावी आणि शेतावर जाऊन खात्री करावी.

मोबाईल जागा अंश-कलांत सांगतो. अंशांवरून थेट गुंठे निघत नाहीत. आधी मीटरमध्ये रूपांतर करावे लागते. ते काम दप्तरच करते.

आपण काय करावे?

दप्तर कितीही चांगले असो, फेरी चुकली तर हिशेब चुकलाच.

१) बांध धरूनच चाला. चौरस एकराच्या चारी बाजूंनी ३ मीटर बाहेरून चाललात, तर ४० गुंठ्यांचे जवळजवळ ४८ गुंठे होतात. मग टनेजचा अंदाज फुगतो आणि सगळ्यांचाच तोडणी कार्यक्रम ढळतो.

२) मधूनच आडवे जाऊ नका. रेघेने रेघ कापून इंग्रजी आठाचा आकडा झाला, की क्षेत्र चुकीचे निघते.

३) विहीर, गोठा किंवा दुसरे पीक मध्ये असेल तर ते वेगळे दाखवा.

४) लागण आणि खोडवा एकाच फेरीत घालू नका.

ही फेरी म्हणजे सरकारी मोजणी नव्हे. तिने मालकी किंवा हद्द ठरत नाही, ही खात्री बाळगा. तिचा उपयोग एवढाच, की ज्याचा ऊस आधी पक्व, त्याची तोड आधी.

चिटबॉय आला की दहा मिनिटे काढा, त्याच्याबरोबर स्वतः चाला आणि निघालेले गुंठे तिथेच वाचून घ्या. पटले नाही तर लगेच सांगा. तोडीच्या वेळी केलेल्या तक्रारीपेक्षा लागणीच्या वेळची दुरुस्ती केव्हाही सोपी.

आपला,
ऊस विकास अधिकारी