बंद दाराचा अर्थ

डेन्मार्कमधल्या पहिल्याच नोव्हेंबरात मला ताप आला. तीन दिवस खोलीत पडून होते. घरात आणखी तीन मुली राहायच्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. त्यांच्या किटलीचा, ताटल्यांचा आवाज मला आत ऐकू येत होता, पण एकीनेही माझं दार वाजवलं नाही. मी अलिबागजवळच्या नागावची. आमच्या आळीत दिवसाढवळ्या कुणाचं दार लावलेलं दिसलं की शेजारची काकी बाहेरूनच हाक मारते, "काय गो, बरं नाय काय?" आणि उत्तराची वाट न बघता पेज घेऊन येते. ही माणसं दगडाची आहेत, असं मी रडत रडत ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी पाणी घ्यायला उठले तर शेजारच्या खोलीतली मुलगी कांदा चिरत होती. मी म्हटलं, "मला बरं नाही. इथे डॉक्टरकडे कसं जातात ते मला माहीत नाही." तिने सुरी खाली ठेवली, शेगडी बंद केली, माझं पिवळं आरोग्य कार्ड मागून घेतलं आणि त्यावर छापलेल्या डॉक्टरांना फोन लावला. मग स्वतः माझ्याबरोबर आली. परतताना मी विचारलं, तीन दिवस कुणी चौकशी का केली नाही? ती ओशाळली. म्हणाली, "तुझं दार बंद होतं. आम्हाला वाटलं, तुला एकटीला राहायचंय."

आमच्याकडे बंद दार म्हणजे काहीतरी बिनसलंय. तिच्याकडे बंद दार म्हणजे आतल्या माणसाचा शब्द, आणि तो मोडायचा नसतो. माया दोन्हीकडे आहे, रीत वेगळी आहे. ही रीत वेळेवर न कळल्यामुळे मी आजार अंगावर काढला, पैसे घालवले आणि सुरुवातीचे महिने एकटीने काढले. आपल्या अलिबागकडच्या अष्टागरातून जी मुलं आता जायची तयारी करताहेत, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी तिकडे गेले ती वाऱ्यासाठी. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं आणि बाबांची सुपारीची वाडी दुपारभरात आडवी झाली. जो वारा एवढी झाडं मोडतो, त्यापासून वीज कशी काढतात हे मला शिकायचं होतं. 1991 साली विंडेबी इथे 11 पवनचक्क्या उभ्या करून समुद्रातल्या पवन-वीजकेंद्रांची सुरुवात डेन्मार्कनेच केली. ओढ खरी होती, अभ्यासाची तयारीही होती. राहायच्या रीतीची मात्र काहीच नव्हती.

पहिला फटका घराचा बसला. इथूनच फोटो बघून खोली पक्की केली. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागायची तिथल्या कायद्यात मुभा आहे, तेवढी भरली. पहिल्याच दिवशी खिडकीखाली ओल दिसली, लाकडी जमिनीवर पलंग ओढल्याचे ओरखडे दिसले. घरमालकांना तोंडी सांगितलं. ते "ठीक आहे" म्हणाले, मी निर्धास्त झाले. दहा महिन्यांनी खोली सोडताना तीच ओल आणि तेच ओरखडे माझ्या नावावर लागले आणि अनामतीतली निम्मी रक्कम गेली. खोली ताब्यात घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत दोष लेखी कळवायचे असतात, हे मला तेव्हा कळलं. भाड्याच्या तंट्यांसाठी नगरपालिकेचं मंडळ असतं, पण त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे एक ओळही नव्हती.

म्हणून आधी हे करा. खोलीत सामान लावण्यापूर्वी भिंती, जमीन, नळ, खिडक्या सगळ्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना ईमेलने पाठवा. आणि पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? पत्त्याची नोंद झाल्याशिवाय सीपीआर क्रमांक, म्हणजे तिथला ओळख क्रमांक, मिळत नाही, आणि तो नसला तर पिवळं कार्डही नाही. नोंदणीला नकार देणारी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

कार्ड आलं की डॉक्टरांचा नंबर लगेच मोबाइलमध्ये घाला. आपल्यासारखं दवाखान्यात जाऊन बसता येत नाही, आधी फोन करावा लागतो. कोपनहेगनच्या परिसरात रात्री-अपरात्री 1813 आणि जिवावरचं असेल तर 112. कार्डावर डॉक्टर फुकट आहे, दाताचं मात्र बहुतेक प्रौढांना नाही. दात इथेच दाखवून जा.

वर्गातही रीत न कळल्याने तेच झालं. तिथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते नाव निघायला महिना लागला आणि त्यानंतरही मी गप्पच बसून राहिले. मला वाटायचं, हा आदर आहे. गटातल्या मुलांना वाटायचं, हिला काही म्हणायचं नाही. वसंतात एकदा धीर करून सांगितलं, की आमच्या अलिबागला 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करणारी वेधशाळा आहे. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते हे 1820 मध्ये कोपनहेगनमध्ये ज्यांनी दाखवलं, ते ओर्स्टेड तर डेन्मार्कचेच. तासभर गप्पा रंगल्या. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कुणाच्या घरी जेवायचं बोलावणं आलं. सहाचं बोलावणं म्हणजे सहाच. दारात चपला काढायच्या, आणि उठताना जेवणाबद्दल आभार मानायचे.

हिवाळ्याला कमी लेखू नका. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांत कोपनहेगनला सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. समुद्रावर वाढलेल्या माणसाच्या मनावर हा अंधार चढतो. दुपारच्या उजेडात रोज थोडं चाला, आणि मन खचतंय असं वाटलं तर तेही डॉक्टरांना तापाइतकंच सरळ सांगा. सायकलला पुढे-मागे दिवे हवेतच, आणि वाहतूक उजवीकडून चालते हे पहिल्या आठवड्यात पावलोपावली आठवायचं. तूप, पेढे बॅगेत घालू नका, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. कोकम आणि घरचा मसाला मात्र न्या. माझ्या सोलकढीने स्वयंपाकघरात जितकी ओळख करून दिली तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

शेवटचं आईबाबांसाठी. मी तापात असतानाही फोनवर "बरं आहे" म्हणत होते. आई विचारायची, "जेवलीस काय?" आणि मी "हो" म्हणायचे. सगळं कळल्यावर तिने प्रश्न बदलला. पुढचं वर्षभर फोन उचलला की ती आधी विचारायची, "आज कुणाचं दार वाजवलंस?" त्या प्रश्नाला खोटं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत मी रोज एक तरी दार वाजवायचे.