मुके जनावर, बोलता धनी

बैल बोलत नाही. पण आपल्याला काय होते, ते तो सांगतो. वैरण पुढे टाकली आणि त्याने तोंड फिरवले, हे एक सांगणे. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, तो पाय झटकतो, लंगडतो, हे दुसरे सांगणे. धन्याला ते कळले पाहिजे. आणि कळल्यावर ते लपवू नये. आम्ही एकदा लपवले, म्हणून सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मृगाचा पाऊस झाला होता. आमच्या घरी एकच बैल, पाखऱ्या. शेजारच्या तात्यांचाही एकच. दोघांची सावड होती. ऐन पेरणीत पाखऱ्याला लाळ सुटली. जिभेवर फोड दिसले. तात्यांना सांगावे, तर सावड मोडते, पेरणी राहते. आम्ही गप्प बसलो. पाखऱ्याला दोन दिवस तसाच जुंपला. ओढ्यावर गावच्या गुरांत पाणी पाजले.

आठ दिवसांत तात्यांचा बैल बसला. त्यांच्या गाईचे वासरू तर गेलेच. तात्या भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, जनावर मुकं असतं. तुम्ही तर मुके नव्हता!"

हा रोग म्हणजे लाळ-खुरकूत. जनावराला ताप येतो. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. रोग भराभर पसरतो. लाळेने पसरतो, उष्ट्या पाण्या-वैरणीने पसरतो, आपल्या हातापायांनीही पसरतो. मोठे जनावर बहुधा वाचते. पण दूध आटते, कामाचा जोर जातो. काहींना पुढे उन्हात धाप लागते. लहान वासरे मात्र दगावतात.

मग काय करावे? आजारी जनावर लगेच वेगळे बांधावे. त्याची बादली वेगळी ठेवावी. त्याला ओढ्यावर नेऊ नये, बाजारात तर मुळीच नेऊ नये. गुरांच्या डॉक्टरांना कळवावे. शेजाऱ्यालाही सांगावे. मऊ हिरवा चारा घालावा. गोठ्यातून बाहेर पडताना हातपाय धुवावेत.

पण सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे लस. वासरू चार महिन्यांचे झाले की पहिली लस टोचावी. पुढे दर 6 महिन्यांनी टोचून घ्यावी. लसीने काय होते, ते पाहा. पूर्वी बुळकांडी गोठेच्या गोठे रिकामे करी. गावोगाव लस टोचली गेली. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून गेली, असे जाहीर झाले. लाळ-खुरकूत अजून गेलेली नाही.

पोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी चारतो. ते करावेच. त्याबरोबर आणखी एक करा. लस टोचल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते.

प्रश्न
१. पाखऱ्याने आपला आजार कसा सांगितला?
२. आजारी जनावर ओढ्यावर का नेऊ नये?
३. तुमच्या जनावरांना लस कधी टोचली? तारीख लिहा.